आययूआय करायच्या आधी ह्यांची टेस्ट झाली का?

नमस्कार. आजचा व्हिडिओ दोघांनी मिळून बघायचा आहे. ह्यांना हाक मारा, शेजारी बसवा, मग पुढं ऐका.

मी खानापूर तालुक्यातली. लग्नाला तीन वर्षं झाली तरी दिवस जाईनात, तेव्हा बेळगावला दाखवायला लागले. दोन वर्षं नुसत्या माझ्याच तपासण्या. रक्त, थायरॉइड, सोनोग्राफी. ह्यांची वीर्यतपासणी कुणी लिहून दिली नाही, घरातही कुणी विषय काढला नाही. झाली तेव्हा कळलं, शुक्राणूंची हालचाल कमी आहे. तोवर गल्लीतल्या डोहाळजेवणाला मला बोलावणं बंद झालं होतं. त्या दोन वर्षांचा राग अजून मनात आहे, म्हणून हे सगळ्यात आधी सांगितलं. ती तपासणी स्वस्त असते, सोपी असते. पहिल्याच महिन्यात करून घ्या.

आता आययूआय म्हणजे काय बघा. नवऱ्याचं वीर्य लॅबमध्ये धुतात, त्यातले चांगले हलणारे शुक्राणू वेगळे काढतात आणि बारीक, मऊ नळीनं थेट गर्भाशयात सोडतात. पाच-दहा मिनिटांचं काम, भूल लागत नाही. न धुतलेलं वीर्य तसंच आत सोडलं तर पोटात जोराच्या कळा येतात, म्हणून हे धुणं. धुवायला तासभर लागतो, तेवढं थांबायची तयारी ठेवा.

पण स्त्रीबीज आणि शुक्राणूची गाठ आतच पडायची असते, गर्भनळीत. टेस्ट ट्यूब बेबीत ती बाहेर लॅबमध्ये घडवतात, इथं नाही. त्यामुळं दोन्ही नळ्या बंद असतील तर आययूआय करून काहीच उपयोग नाही. नळीत औषध सोडून एक्स-रे काढतात, त्याला एचएसजी म्हणतात. पाळी थांबल्यावर लगेचच्या दिवसांत करतात. थोडं दुखतं, सोबत कुणाला तरी न्या. पण नळ्या बघितल्याशिवाय आययूआयचे पैसे भरू नका.

सगळा खेळ वेळेचा. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून बहुतेक पाच दिवस बीज वाढायच्या गोळ्या, लेट्रोझोल किंवा क्लोमिफीन. नवव्या-दहाव्या दिवसापासून दिवसाआड सोनोग्राफी. बीजाची पिशवी 18 ते 20 मिलिमीटर झाली की बीज फुटायचं इंजेक्शन, आणि साधारण 36 तासांनी आययूआय. म्हणजे खानापूर-बेळगाव चार-पाच खेपा. 2023 पासून कर्नाटकच्या शक्ती योजनेत आम्हा बायकांना सरकारी बसचं तिकीट लागत नाही, तेवढा आधार झाला. नवऱ्याला मात्र त्या दिवशी सुट्टी काढायलाच लागते. घरी नमुना घेतला तर तासाभरात, अंगाच्या उबेला धरून पोचवायचा असतो. गावाकडून ते जमत नाही, तिथं जाऊनच द्यावा.

एक भीती बायका मला हळूच विचारतात, “अक्का, दुसऱ्याचं तर घालणार नाहीत ना?” विचारायला लाजू नका. डबीवर दोघांची नावं लिहिली का बघा, नळीवरचं नाव वाचून दाखवायला सांगा. दात्याचं वीर्य वापरायचं तर 2021 च्या कायद्यानं ते नोंदणी झालेल्या बँकेतूनच यायला हवं आणि लेखी संमती हवी. फॉर्म कन्नडात किंवा इंग्रजीत असतो. वाचून कुणीतरी मराठीत समजावून दिल्याशिवाय सही करू नका. त्या दवाखान्याची नोंदणी आहे का, तेही विचारा.

आता भाऊ, तुमच्यासाठी. उद्यमबागच्या फाउंड्रीत भट्टीजवळ दिवस काढत असाल तर ती उष्णता शुक्राणूंना बाधते, डॉक्टरांना काम काय करता ते सांगा. विडी, तंबाखू, दारू सोडा. निपाणीकडं तंबाखू घरोघरी पिकतो, सोडणं सोपं नाही, मला माहीत आहे. शुक्राणू तयार व्हायला जवळपास अडीच महिने लागतात, म्हणून सोडल्याचा फरक तीन महिन्यांनी तपासायचा, आठवड्यात नाही.

एका खेपेला 100 मध्ये साधारण 10 ते 20 जणींनाच दिवस जातात. पस्तिशीनंतर आणखी कमी. तीन-चार वेळा होऊन काही नाही झालं, तर पाचव्यांदा तेच करण्याआधी पुढं काय, हे डॉक्टरांना सरळ विचारा. आणि एकदम तीन-चार बीजं वाढली म्हणून डॉक्टरांनी तो महिना सोडायला सांगितला तर ऐका, जुळ्या-तिळ्यांचा धोका आईलाही असतो आणि बाळांनाही.

आणि आययूआयनंतर चौदा दिवस घरी दिवस गेल्याची तपासणी पट्टी लावू नका. बीज फुटायचं इंजेक्शन बहुतेक वेळा एचसीजीचं, म्हणजे गरोदरपणात अंगात तयार होणाऱ्या हार्मोनचं असतं, आणि पट्टी तेच शोधते. मी सहाव्या दिवशी लावली. दोन रेघा आल्या. सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली, गल्लीत वाटली. पंधराव्या दिवशी पाळी आली, तेव्हा ती साखरेची वाटी अजून देवघरातच होती.