वायूची वाट

(दृश्य: अंधाऱ्या कोपऱ्यात 25 लिटरचा प्लॅस्टिकचा फर्मेंटर. कॅमेरा सावकाश झाकणाजवळ जातो.)

घरी बीअर करायला वर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या गोड रसात, यीस्ट घालून तीस तास झालेत. काल रात्री एअरलॉकमध्ये (झाकणावरची पाण्याची झडप, वायू बाहेर सोडते, हवा आत येऊ देत नाही) सेकंदाला एक बुडबुडा फुटत होता, आता एकही नाही. बीअर तयार झाली असं वाटेल, पण झाकणाकडे बघा. काल ते सपाट होतं, आज मधोमध फुगलंय. आतलं आंबणं जोरात चालू आहे, फक्त वायूची बाहेर पडायची वाट बुजली आहे.

(दृश्य: एअरलॉकची दांडी, अगदी जवळून.)

हा तपकिरी चिखल म्हणजे यीस्ट, प्रथिनं आणि हॉप्सचा, म्हणजे बीअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, चुरा. फेस वर चढला, दांडीत शिरला आणि तिथेच वाळला. बोटाएवढी जाड दांडी, आत त्याहून अरुंद भोक. हॉप्सची एक पाकळी आडवी बसली तरी पुरे.

20 लिटर वर्टची घनता (पाण्याची 1.000 धरून) 1.050 वरून 1.010 वर येईपर्यंत सुमारे 400 लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि त्यातला बहुतेक पहिल्या तीन दिवसांत. भांडं त्याला साठवायला नसतंच, त्याला जाऊ द्यायला असतं. एअरलॉक चालू असताना आतला दाब दोन-तीन सेंटीमीटर पाण्याच्या उंचीइतकाच असतो, म्हणजे नगण्य. वाट बुजली की हिशेब बदलतो. 30 सेंटीमीटर व्यासाच्या झाकणावर फक्त 0.1 बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या दहाव्या भागाइतका, दाब आला, तरी झाकण आतून 70 किलोच्या जोराने ढकललं जातं. प्लॅस्टिकचं झाकण उडेल, छताला फेस लागेल, पुसून काढता येईल. काचेचा कार्बॉय, म्हणजे अरुंद तोंडाची मोठी बाटली, मात्र आधी फुगून इशारा देत नाही, थेट फुटतो. म्हणून काचेचं भांडं घट्ट बंद करून आंबवायचं नाही, एका रात्रीसाठीसुद्धा नाही.

झाकण फुगलेलं दिसलं तर त्यावर वाकू नका. डोळ्यांवर चष्मा, झाकणावर ओला जाड टॉवेल, चेहरा बाजूला. टॉवेलखालून एअरलॉक थोडा थोडा फिरवत सैल करा. आधी वायू सुसाट निघेल, मागोमाग फेस. तो ओसरला की जंतुनाशकात बुडवलेला स्वच्छ एअरलॉक लावा. त्याहून चांगलं म्हणजे ब्लो-ऑफ नळीच लावा.

(दृश्य: झाकणातून निघालेली जाड नळी, तिचं टोक जंतुनाशक द्रावणाच्या बरणीत.)

नळीचा आतला व्यास जमेल तेवढा मोठा घ्या, 25 मिलिमीटर मिळाला तर उत्तम. बारीक नळी म्हणजे लांबलचक एअरलॉकच, तीही तशीच तुंबते. टोक द्रावणात तीन-चार सेंटीमीटर बुडलेलं असावं. जोरदार यीस्ट किंवा जड बीअर असेल तर ही नळी पहिल्या दिवसापासून हवी, आणि भांड्यात वर किमान पाव भाग रिकामा सोडायला हवा. आंबणं उतरल्यावर भांडं थंड करणार असाल तर आधी नळी बरणीतून काढा. गार होताना आतला वायू आकसतो आणि बरणीतलं द्रावण उलट बीअरमध्ये ओढलं जातं.

आता दाब मुद्दाम ठेवायचा प्रकार.

(दृश्य: स्टीलचा केग, म्हणजे दाब सहन करणारं बंद पिंप. त्यावर स्पंडिंग व्हॉल्व, म्हणजे ठरवलेल्या दाबावरचा वायू आपोआप सोडणारी झडप. गेजचा काटा 0.8 बारवर.)

दाबाखाली आंबवलं की फळांसारखा वास देणारे एस्टर कमी बनतात. म्हणूनच लागर, म्हणजे एरवी थंडीत आंबवायची बीअर, 18 ते 20 अंशांवरही बऱ्यापैकी स्वच्छ उतरते. पण यीस्टची वाढ पहिल्या दिवसात होते आणि दाबाने ती मंदावते. त्यामुळे पहिले चोवीस तास व्हॉल्व जवळपास मोकळा ठेवा, मग 0.7 ते 1 बारवर आणा. 19 लिटरच्या केगमध्ये 15 लिटरपेक्षा जास्त वर्ट नको. फेस स्पंडिंग व्हॉल्वमध्ये गेला की आतला पडदा चिकटतो, आणि मग व्हॉल्व नावापुरताच उरतो. मध्ये एक छोटी रिकामी बाटली जोडली की फेस तिथेच अडकतो. केगवर छापलेली दाबाची मर्यादा वाचा. त्या मर्यादेच्या आत उघडणारा सुरक्षा व्हॉल्व नसेल, तर ते भांडं या कामाचं नाही. आणि दाब सोडायचा तो हळूहळू. एकदम सोडला तर विरघळलेला वायू उसळतो आणि निम्मी बीअर व्हॉल्ववाटे बाहेर येते.

(दृश्य: बाटल्यांची रांग.)

सगळ्यात धोकादायक चूक मात्र बाटलीत होते. 20 अंशांवर आंबलेल्या 20 लिटर बीअरला 2.4 व्हॉल्यूम (बीअरच्या आकारमानाच्या 2.4 पट) वायू हवा असेल, तर सुमारे 120 ग्रॅम साधी साखर पुरते. ती पाण्यात उकळून, गार करून सगळ्या बीअरमध्ये नीट मिसळा. खोलीच्या तापमानाला बाटलीत पावणेदोन बारच्या आसपास दाब येतो, तो ती सहन करते. पण बीअर 1.010 वर थांबणार होती आणि 1.014 लाच भरली, तर उरलेली साखर आणखी दोन व्हॉल्यूम वायू देते. दाब चार बारवर जातो. एकेरी वापराच्या पातळ बाटलीचं तिथे काही चालत नाही.

एअरलॉक शांत आहे, हा आंबणं संपल्याचा पुरावा नव्हे. नमुना काढा, हलवून त्यातला वायू घालवा, घनता मोजणारा हायड्रोमीटर बुडवा. तीन दिवस तोच आकडा आला तरच भरा. मागाहून हॉप्स घातले असतील तर आणखी थांबा. हॉप्समधली विकरं (एन्झाइम) न आंबणाऱ्या साखरा तोडून यीस्टला पुन्हा खाऊ देतात.

भरताना एक बाटली प्लॅस्टिकची घ्या. रोज दाबून पाहा. दगडासारखी कडक झाली की काचेच्या बाटल्यांची स्थिती कळली. मग जाड हातमोजे, डोळ्यांवर गॉगल, आणि सगळा खोका टॉवेलखाली झाकून शीतपेटीत. चार अंशांवर दाब साधारण निम्मा होतो. पूर्ण गार झाल्यावर एकेक बाटली टॉवेलात गुंडाळून बुचाची कड किंचित उचला, सुस्कारा थांबेपर्यंत धरा आणि नवं बूच बसवा. फेस मानेपर्यंत चढू लागला तर लगेच थांबा. ती बाटली तासाभराने पुन्हा घ्यायची.