रेघ कुणाची?

[दृश्य : दाबोळी, गोवा. आयएनएस हंसाच्या तळावर उभं पी-८आय विमान.]

दाबोळीला उतरणाऱ्या प्रवाशाला कधी कधी करड्या रंगाचं एक विमान दिसतं. बांधा ओळखीचा, बोइंग ७३७ चाच. पण बाजूला खिडक्यांची रांग नाही आणि शेपटीतून मागे एक लांब दांडा निघालेला. हे भारतीय नौदलाचं पी-८आय, समुद्रावर टेहळणी करणारं आणि पाणबुड्या शोधणारं विमान. पहिलं विमान २०१३ मध्ये तमिळनाडूतल्या अरक्कोणमला आलं. मार्च २०२२ मध्ये गोव्यात या विमानांचा आयएनएएस ३१६ हा स्क्वाड्रन उभा राहिला. त्याआधी गोव्यातून हे काम आयएल-३८ विमानं करत होती. ४६ वर्षांच्या सेवेनंतर ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

वैमानिक पुढे बसतात. आपण मागे जाऊ. डाव्या बाजूला ओळीने कन्सोल, डोक्याला हेडसेट, समोर पडदे. इथे बसतात सेन्सर ऑपरेटर. या विमानाला काय दिसलं, काय ऐकू आलं आणि त्यातलं खरं किती, हे ठरतं ते इथे.

[दृश्य : रडारचा पडदा.]

रडार ऑपरेटरचं पहिलं गणित उंचीचं. २०,००० फुटांवरून रडारचं क्षितिज साधारण ३२० किलोमीटरवर असतं. हजार फुटांवर आलं की तेच ७० च्या आसपास. पण लांबचं दिसण्यासाठी उंच जावं, तर पेरिस्कोपसारखी बारीक वस्तू लाटांच्या परतीच्या प्रतिध्वनीत हरवते. पेरिस्कोप पाण्यावर राहतो तोही काही सेकंदच.

शेजारचा ईएसएम ऑपरेटर स्वतः काहीच पाठवत नाही, फक्त दुसऱ्यांचे रडार ऐकतो : वारंवारता किती, दोन स्पंदांमधलं अंतर किती, अँटेना किती सेकंदांत फिरतो. रडारच्या लहरीला जाऊन परत यावं लागतं. ऐकणाऱ्याला एकच फेरी पुरते. म्हणून शत्रूच्या रडारला आपण दिसण्याआधी तो आपल्याला कळतो.

[दृश्य : सोनोबॉय. हातात धरून, मग लाँचरमध्ये.]

पण या विमानाचं खरं अवघड काम पाण्याखाली आहे, आणि रडार पाण्यात शिरत नाही. तिथे लागतो सोनोबॉय. कोकणात जाळ्याला बोया बांधतात, त्याच जातीची वस्तू, फक्त पोटात कान असलेली. सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची, ९१ सेंटिमीटर लांबीची नळी. विमानातून सुटली की छोटं पॅराशूट उघडतं. पाण्यावर आदळल्यावर खारं पाणीच बॅटरी जागी करतं, अँटेनाची पिशवी फुगून वर राहते आणि हायड्रोफोन केबलच्या टोकाला खाली उतरतो. किती खाली आणि किती तास, हे टाकण्यापूर्वीच ठरवून द्यायचं. नेहमीच्या दिशादर्शक बोयाला ९० फुटांपासून १००० फुटांपर्यंत खोलीचे पर्याय असतात आणि अर्ध्या तासापासून आठ तासांपर्यंत आयुष्याचे.

पहिला बोया मात्र ऐकण्यासाठी नसतो. तो तापमान मोजत खाली जातो. या एका मोजणीवर पुढचा सगळा डाव उभा असतो, आणि घाईत नेमकी तीच टाळली जाते.

[दृश्य : तापमान आणि खोलीचा आलेख.]

समुद्राचा वरचा थर वाऱ्याने ढवळलेला, जवळजवळ एकाच तापमानाचा. त्याखाली तापमान झपाट्याने उतरतं. गार पाण्यात ध्वनीचा वेग कमी असतो, आणि तापमान सारखं असेल तर खोलीबरोबर दाबामुळे तो किंचित वाढतो. ध्वनी नेहमी कमी वेगाच्या पाण्याकडे वळतो, म्हणून वरच्या थरातला आवाज वरच कोंडून राहतो आणि खालचा खालीच वाकतो. पाणबुडी या सीमेखाली बसली आणि तुमचे सगळे कान सीमेच्या वरच्या थरात टांगलेले असले, तर ती जवळून गेली तरी कळणार नाही. म्हणून काही बोये थराच्या वर, काही खाली. त्यातही एक बारकावा : थर ३० मीटरचाच असेल, तर साधारण एक किलोहर्ट्झच्या खालचे आवाज त्यात नीट कोंडून राहतच नाहीत. चैत्र-वैशाखात वारा पडलेला असतो. दुपारी ऊन वरचंच पाणी तापवतं आणि सकाळी काढलेला आलेख चार वाजता खोटा ठरतो. नवा बोया टाकावा लागतो.

[दृश्य : वरून खाली सरकणाऱ्या उभ्या रेघा.]

हा ध्वनी ऑपरेटरचा पडदा. आडवी वारंवारता, उभा वेळ. दिशादर्शक बोया ५ ते २४०० हर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि २० हर्ट्झच्या खालचं माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. म्हणून इथे कानापेक्षा डोळा जास्त राबतो. सतत चालणारं प्रत्येक यंत्र पडद्यावर आपली एक रेघ ओढतं. प्रश्न एवढाच : रेघ कुणाची?

समजा, मालवाहू जहाजाचा पंखा मिनिटाला ९० फेरे घेतो आणि त्याला पाच पाती आहेत. सेकंदाला दीड फेरा गुणिले पाच पाती, म्हणजे रेघ साडेसात हर्ट्झवर. सात पात्यांचा पाणबुडीचा पंखा मिनिटाला ६० फेरे घेत असेल, तर रेघ सातवर. अंतर अर्ध्या हर्ट्झचं! एकट्या रेघेवर निकाल देणारा इथेच फसतो. मग जोडीच्या रेघा बघायच्या. ६० हर्ट्झवर ठळक रेघ असेल, तर ती बहुधा व्यापारी जहाजाच्या जनरेटरची. ४०० हर्ट्झवर सगळ्या बोयांवर एकाच वेळी, सारख्याच जोराने रेघ आली, तर संशय आधी स्वतःच्या विमानावर घ्यायचा, कारण विमानातली वीज ४०० हर्ट्झची असते. तुटक तुटक, ठरावीक अंतराने येणारी खालच्या स्वराची हाक निळ्या देवमाशाची असू शकते. सिंधुदुर्गच्या समुद्रात तो दिसलेला आहे. उथळ पाण्यात लाह्या फुटल्यासारखा कडकडाट येतो, तो नांगी आपटणाऱ्या कोळंबीचा.

रेघ टिकली, तर डॉपलर, म्हणजे वस्तू जवळ येताना वा दूर जाताना वारंवारतेत पडणारा फरक. ३०० हर्ट्झचा आवाज करणारी वस्तू सहा नॉटने बोयाकडे येत असेल, तर रेघ सुमारे ०.६ हर्ट्झ वर दिसते. दूर जाताना तितकीच खाली. ती सर्वांत तीव्रपणे घसरते तो क्षण बोयाच्या सर्वांत जवळून जाण्याचा. हर्ट्झच्या दहाव्या भागाचा फरक ओळखायला मात्र निदान दहा सेकंदांचा आवाज साठवावा लागतो, आणि तेवढ्यात लक्ष्य वळलं तर रेघ पुसट होते. दोन बोयांनी दिलेल्या दिशा छेदल्या की जागा मिळते. दोन्ही बोये आणि लक्ष्य एका ओळीत आले, तर तो छेद कामाचा नाही.

बिघाडही ठरलेले. कधी बॅटरी जागी होत नाही, कधी केबल तुटते. कधी एकाच चॅनेलवर चुकून दोन बोये सेट होतात. बोयांचा संदेश १३६ ते १७३.५ मेगाहर्ट्झमध्ये येतो आणि मच्छीमारांचा व्हीएचएफ रेडिओही त्याच पट्ट्यात, १५६.८ वर. विमान जितकं उंच, तितकी ही सरमिसळ जास्त. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, ट्रॉलरचा गोंगाट थांबतो. पण त्याच दिवसांत पाऊस आणि लाटा समुद्र भरून टाकतात. पूर्ण शांत महिना मिळतच नाही.

[दृश्य : शेपटीचा दांडा.]

शेपटीतलं मॅड हे शेवटच्या खात्रीसाठी. पाणबुडीच्या पोलादामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात जो बारीकसा फरक पडतो, तो हे पकडतं. अंतर दुप्पट झालं की खूण आठपट क्षीण होते, त्यामुळे पल्ला काही शे मीटरचाच. स्वतःच्या विमानाचं चुंबकत्व वजा करण्यासाठी आधी चारही दिशांना विमान झुकवून, डोलवून मोजणी करावी लागते. एवढं करूनही खूण बुडालेल्या जहाजाच्या सांगाड्याची निघू शकते. नकाशा शेजारी हवाच.

[दृश्य : संध्याकाळ. दुसरं विमान येतंय.]

इंधन संपत येतं, दुसरं विमान जागा घेतं. त्याला फक्त "इथे पाणबुडी आहे" एवढं सांगून भागत नाही. कोणता बोया कोणत्या चॅनेलवर, कान किती खोल, किती तास उरले, प्रवाहाने किती सरकला, थर किती मीटरवर, कोणती रेघ कुणाची म्हणून बाद केली आणि कोणत्या कारणाने, हे सगळं हाती द्यावं लागतं. बाद केलेल्यांची यादी नीट नसेल, तर पुढचा ऑपरेटर पहिला तासभर त्याच मालवाहू जहाजामागे लागतो. तोवर जुने बोये आपलं आयुष्य संपवून आपोआप बुडायला लागलेले असतात आणि पडद्यावरच्या रेघा एकेक करून थांबतात.