गवताचं अंदाजपत्रक

(नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आयोजकांनी विषय दिला ‘सरकारी जमिनीवरचा वन्यजीव अधिवास आणि अनुदान’. समोर संस्थांची मंडळी दिसतात, मागच्या रांगेत कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा पैसा बघणारे, म्हणजे सीएसआरवालेही आहेत. तेव्हा सरळ पैशालाच हात घालतो. पैसा नाही, ही ओरड आता फारशी खरी राहिलेली नाही. पैसा आहे. त्याचं आणि पावसाचं जमत नाही, हे खरं दुखणं.

मोठी रक्कम कॅम्पाची, म्हणजे पर्यायी वनीकरणाच्या निधीची. खाणीला, रस्त्याला, धरणाला वनजमीन दिली की प्रकल्पवाल्याकडून पर्यायी वनीकरणाचा खर्च आणि जंगलाचं निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे गेलेल्या जंगलाच्या उपयोगाची आजची किंमत, घेतात. हा निधी वेगळा ठेवा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्ये सांगितलं. कायदा आला 2016 मध्ये, नियम 2018 मध्ये. ऑगस्ट 2019 मध्ये केंद्रानं राज्यांना 47 हजार कोटींवर रक्कम सोडली, त्यात महाराष्ट्राचे 3,800 कोटींहून जास्त. याशिवाय व्याघ्र प्रकल्पांना केंद्राचं अनुदान आहे, पर्यटनाच्या उत्पन्नातून चालणारी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानं आहेत, आणि सीएसआरमधून कोणती कामं करता येतात हे सांगणाऱ्या, 2013 च्या कंपनी कायद्यातल्या सातव्या अनुसूचीत वन्यजीव रक्षण बसतंच.

आता हा पैसा रुळतो कशावर? झाडावर. खड्डा मोजता येतो, रोप मोजता येतं, जगलेल्या रोपांची टक्केवारी काढता येते. लेखापरीक्षणाला आलेला माणूस खूश. गवत कसं मोजणार? पण चितळ, गवा, काळवीट जगतात ते गवतावर, आणि वाघ जगतो त्यांच्यावर. आपल्या पूर्व विदर्भातलं झुडपी जंगल बघा. सहा जिल्ह्यांत मिळून 86 हजार हेक्टरच्या घरात. 22 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ही जमीन वनच मानली. तरी बोलताना आपण तिला पडीकच म्हणतो. तिथं ससा आहे, खोकड आहे, चंडोल आहे, गावची गुरंही चरतात. अशा माळावर खड्डे पाडून साग लावला, तर कागदावर अधिवास वाढतो आणि जागेवर मोडतो. माझं हे मत काही जुन्या सहकाऱ्यांना रुचत नाही, नाही रुचलं तर नाही.

आता गवताची जागा बळकावणाऱ्या घाणेरीचं, म्हणजे लँटानाचं बघू. आपल्याकडे तिला रायमुनियाही म्हणतात. शोभेचं झुडूप म्हणून इंग्रजांच्या काळात आलं आणि जंगलभर पसरलं. वरून छाटली की दुप्पट जोमानं फुटते. यंत्रानं जमीन उकरली तर खाली झोपलेलं बी उजेडात येतं. बरी पद्धत एकच: झुडपाच्या बुडाशी कुदळ घालायची, मातीच्या जरा खाली मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप मुळं वर करून उलटं ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. फळं धरायच्या आत हे झालं पाहिजे, नाहीतर पक्षी बी घेऊन जातात. एवढं करूनही पुढच्या पावसात शेकडो रोपं वर येतात. ती हातानं उपटायची. त्याच्या पुढच्या वर्षीही उपटायची. मोकळ्या जागेत गवत आलं नाही, तर रानतुळस आणि तरोटा ही तणं आयतीच घुसतात.

मी पाहिलेल्या बहुतेक प्रस्तावांत पहिल्या वर्षी निर्मूलनाला भरपूर रक्कम असते. तिसऱ्या वर्षाच्या रकान्यात शून्य. तिथंच काम बुडतं.

दुसरी अडचण बियाण्याची. पवन्या, मारवेल, कुसळी या गवतांचं बी कुठल्या कृषी केंद्रात पोत्यानं मिळत नाही. पावसाळा संपता संपता चांगल्या कुरणातून बायामाणसांनी ते हातानं गोळा करायचं, सावलीत वाळवायचं. ताजं बी लगेच नीट उगवत नाही, काही महिने ठेवावं लागतं, आणि पेरणी पुढच्या जूनमध्ये. म्हणजे मजुरी एका आर्थिक वर्षातली, पेरणी दुसऱ्या वर्षातली, मधे 31 मार्च. निधी मार्चअखेर आला की घाईत तारेचं कुंपण नाहीतर सिमेंटचा पाणवठा होतो, कारण तेवढंच त्या आठवड्यात बिलात बसतं.

म्हणून प्रस्ताव लिहिताना बी गोळा करण्याची मजुरी वेगळी दाखवा. तीन पावसाळ्यांची निंदणी आधीच मंजूर करून घ्या. जमिनीवर आखलेल्या ठरावीक चौकटींत गवताच्या जाती आणि त्यांनी झाकलेली जमीन दरवर्षी त्याच महिन्यात नोंदवा, म्हणजे गवतही मोजता येतं आणि लेखापरीक्षकाला कागद मिळतो. आणि सीएसआरवाल्यांनो, कॅम्पातून घाणेरी काढण्याचा खर्च निघेल. तुम्ही तिसऱ्या वर्षाचे पैसे द्या. फलकावर नाव लागेल ना, ही काळजी नको. फलक वन विभाग हौसेनं लावतो.

चला, आता प्रश्न विचारा.