पोर्ट आर्थरनंतरचे बारा दिवस

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यातलं पोर्ट आर्थर. ब्रिटिशांच्या काळातली कैद्यांची वसाहत; आज तिचे अवशेष पाहायला पर्यटक येतात. २८ एप्रिल १९९६, रविवारची दुपार. इथल्या कॅफेत एका तरुणाने बॅगेतून सेमी-ऑटोमॅटिक रायफल काढली. त्या हल्ल्यात ३५ माणसं गेली. त्या तरुणाचं नाव या निवेदनात येणार नाही. ते लक्षात ठेवायच्या लायकीचं नाही.

त्याच्याकडे परवाना नव्हता. तरीही अशी शस्त्रं त्याच्या हाती आली, कारण नियम प्रत्येक राज्याचे वेगळे होते आणि टास्मानियात रायफलींची नोंदणीच सक्तीची नव्हती.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रामीण भागात बंदूक नवी नाही. ससे, रानडुकरं पिकांत आणि कुरणांत घुसतात, म्हणून ती शेतकऱ्याच्या घरात असतेच. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांना सत्तेवर येऊन दोन महिनेही झाले नव्हते आणि त्यांच्या आघाडीची मतं याच शेतकऱ्यांकडे होती. उपपंतप्रधान टिम फिशर तर ग्रामीण पक्षाचेच नेते. तरीही १० मे रोजी, अवघ्या बारा दिवसांत, सगळ्या राज्यांनी एकच नियमावली मान्य केली. सेमी-ऑटोमॅटिक रायफलींवर जवळपास संपूर्ण बंदी. प्रत्येक बंदुकीची नोंद, खरेदीआधी २८ दिवसांची प्रतीक्षा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बंदूक कशासाठी हवी ते सांगा; स्वसंरक्षण हे कारण चालणार नाही. सरकारने पैसे मोजून साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका परत घेतल्या. त्यासाठी वर्षभर जादा कर लोकांनी भरला. विरोध कडवा होता. सेल गावातल्या सभेत हॉवर्ड कोटाखाली बुलेटप्रूफ जाकीट घालून उभे राहिले. आपल्याच मतदारांसमोर असं उभं राहायला धाडस लागतं.

अमेरिकेत बंदूक हा १७९१पासून घटनेतला हक्क आहे. तिथे बंदूक का हवी, हे मागणाऱ्याने सांगायचं नसतं; ती का अडवली, हे सरकारने सांगायचं. २०१२मध्ये सँडी हूक शाळेत २० चिमुरडी मारली गेली. पुढच्या एप्रिलमध्ये खरेदीदारांची तपासणी वाढवण्याच्या प्रस्तावाला संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, सिनेटमध्ये, १००पैकी ५४ मतं पडली. हवी होती ६०. बहुमत असूनही प्रस्ताव पडला, हे त्या मुलांच्या आईबापांनी सोसलं.

ऑस्ट्रेलियाचाही प्रश्न कायमचा सुटलेला नाही. डिसेंबर २०२५मध्ये सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर ज्यूंच्या हनुक्का सणाच्या कार्यक्रमावर गोळीबार झाला, १५ जणांचे बळी गेले. या वेळी एका हल्लेखोराकडे परवाना होता, त्याच्या नावावर सहा बंदुका नोंदलेल्या होत्या. त्यानंतर तिथे वाद पेटला तो एका माणसाकडे बंदुका असाव्यात तरी किती, यावर.