माणूस दाराशी कळतो

श्रोतेहो, नमस्कार. सार्वजनिक जीवनातल्या माणसाचं वागणं, हा आजचा विषय. व्यासपीठावर सगळेच छान बोलतात. माणूस कळतो तो दाराशी. पुन्हा सांगते, स्वतःच्या घराच्या दाराशी.

आपल्या बडोद्यातलीच गोष्ट आहे, १९१७ सालची. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले बाबासाहेब आंबेडकर, कबूल केल्याप्रमाणे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा कोणी देईना. शेवटी पारशी नाव सांगून ते पारशांच्या सराईत उतरले. भाडं दिवसाला दीड रुपया. वरच्या मजल्यावर अडगळ, रात्री सोबतीला एक कंदील. अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघाले, तर डझनभर माणसं काठ्या घेऊन जिना चढून आली. संध्याकाळपर्यंत सराई सोडायची, असं त्यांनी बजावलं.

बाबासाहेब आधी एका हिंदू मित्राकडे गेले. मित्र भला माणूस, त्याला वाईटही वाटलं. पण म्हणाला, तू घरात आलास तर माझे नोकर निघून जातील. मग ते एका ख्रिस्ती मित्राकडे गेले. तो म्हणाला, बायको उद्या येणार आहे, तिला विचारावं लागेल.

ऐकलंत ना? एकाच्या आड नोकर आले, दुसऱ्याच्या आड बायको. काठ्या घेऊन आलेल्यांपेक्षा मला हे दोघे जास्त टोचतात. दोघे शिकलेले, ओळखीचे, आणि दोघांनीही दार उघडलं नाही.

महाराजांनी आपला शब्द पाळला होता. पण राजाचा हुकूम गावातल्या उंबऱ्याच्या आत पोचत नाही. तिथे ज्याचं त्यानेच चांगलं वागावं लागतं. नगरसेवक असो, संस्थेचा अध्यक्ष असो, अडलेला माणूस आला की तो दार उघडतो का, एवढंच मी बघते.

दोन्ही दारं बंद झाल्यावर बाबासाहेबांनी मुंबईला परतायचं ठरवलं. गाडी रात्री नऊची होती. सराईत परत जायची सोय नव्हती, मित्राकडे पुन्हा जाऊन कीव करून घ्यायची नव्हती. मधले तास बाबासाहेबांनी कमाटी बागेत काढले. आज तिथे संकल्पभूमी, म्हणजे त्यांच्या त्या दिवसाचं स्मारक, आहे. दिवेलागणीला मी तिकडून जाते, तेव्हा स्टेशनाकडून गाडीची शिट्टी ऐकू येते, आणि माझे पाय थांबतात.