कॉक बंद करून गेल्तास काय?

(जांबोटी रस्ता. सकाळ. पावसाची भुरभुर.)

खानापूर तालुक्यात पाऊस एकदा बसला, की कोनाड्यातल्या चपलांनाही बुरशी धरते. अशा पावसात ही स्प्लेंडर चार महिने पडवीत पोत्याखाली उभी होती. धनी फौजेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावातच, त्यामुळं या पट्ट्यात गणपतीला सुट्टीवर येणारा जवान गावोगाव सापडतो, आणि त्याची वाट बघणारी गाडीही.

तो आला, पोतं झटकलं, किक मारली. वीस, पंचवीस, चाळीस. गाडी ढिम्म. शेवटी पोरांनी ढकलत गॅरेजात आणली.

(गॅरेज. पाटी कन्नडात.)

मेस्त्री एका गिऱ्हाइकाशी कन्नडात बोलत होते. गाडीकडं नजर टाकली आणि मराठीत विचारलं, “कॉक बंद करून गेल्तास काय?”

जवान गप्प.

“मग बस की चहा पीत.”

कॉक म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी. निम्मं निदान त्या एका प्रश्नात झालं. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देतो तो कार्बोरेटर. त्याच्या तळाशी एक वाटी असते. टाकीतलं पेट्रोल आधी तिच्यात येतं, मग जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या पितळी नळीतून, वर ओढलं जातं. गाडी उभी राहिली की वाटीतलं हलकं पेट्रोल उडून जातं, जड भाग चिकट होऊन खाली बसतो. कॉक उघडा असला तर टाकीतून नवं पेट्रोल येतं, तेही उडतं, आणि थरावर थर चढत जातो.

(हातात प्लग.)

पहिल्यांदा प्लग काढला. कोरडा. म्हणजे पेट्रोल पोचतच नाही. ओला आणि वासाचा निघाला असता तर गोष्ट वेगळी होती: वाटीत तरंगणाऱ्या फ्लोटची, पेट्रोल अडवणारी निडल अडकून पेट्रोल जास्त येतंय. तशा वेळी खालच्या नळीतून टपटपही गळतं.

मग वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल केला. स्टीलच्या वाटीत उतरलं ते पिवळट, रंगाच्या दुकानासारखा वास मारणारं. आणि खाली पाण्याचे दोन गोल थेंब, वेगळेच.

हे पाणी आलं कुठून? पेट्रोलमधल्या इथेनॉलला पाण्याची ओढ असते. 2025 साली देशात हे मिश्रण 20 टक्क्यांवर गेलं. पाणी मर्यादेपलीकडं गेलं, की इथेनॉल पाण्याला घेऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि कॉकचं तोंडही तळाशीच. इथेनॉल उसाच्या मळीपासूनही होतं. चिक्कोडी, संकेश्वरकडचा ऊस बघत हिंडणाऱ्याला हे ऐकून गंमत वाटेल. मेस्त्रींना नाही वाटली. इथेनॉलवर राग काढून उपयोग नाही, चार महिने उभी ठेवलेली गाडी रागावणारच, असं त्यांचं म्हणणं.

(कार्बोरेटर सुटा.)

स्लो जेट, म्हणजे गाडी संथ चालताना पेट्रोल देणारं छोटं जेट, सगळ्यात आधी बुजतं. भोक केसापेक्षा फार मोठं नसतं. त्यामुळं गाडी चोक ओढून धरली तर चालते, सोडला की मरते. चोक हवा अडवतो, मग मोठ्या जेटमधून पेट्रोल जास्त ओढलं जातं आणि गाडी रडतखडत का होईना, चालू राहते. चोकवर चालणारी गाडी बरी झाली असं समजून कुणी बाजारला निघतो, आणि निम्म्या वाटेत उतरून ढकलतो.

जेटमध्ये तार घालायची नाही. पितळ मऊ, भोक रुंदावलं की कायमचं बिघडलं. कार्बोरेटर क्लीनर, कॉम्प्रेसरची हवा, आणि अगदीच हट्टी असेल तर ब्रशचा एक केस. क्लीनर डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही, रबराच्या रिंगांवर मारायचा नाही, आणि जवळपास विडी तर नाहीच. हवेचा स्क्रू काढण्याआधी तो किती वेढ्यांवर होता हे मोजून ठेवायचं. नाहीतर मागाहून अंदाज करत बसायला लागतं.

मेस्त्रींनी जेट वर धरलं. “आभाळ दिसतंय?” जवानानं डोळा लावला. भोकात गोल, स्वच्छ उजेड.

(एअर फिल्टर उघडतो.)

इथं मात्र सगळे हसले. फिल्टरच्या डब्यात उंदरानं घर केलेलं, भाताच्या काड्यांचं. तेही काढलं. टाकीतलं जुनं पेट्रोल बाहेर, ताजं आत.

तिसऱ्या किकला गाडी धडधडली. 2020 च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांत कार्बोरेटरऐवजी बहुतेक फ्युएल इंजेक्शनच येतं, त्यामुळं असल्या गाड्या हळूहळू कमी होणार. मेस्त्रींना त्याची चिंता दिसत नव्हती. मागं आणखी दोन उभ्या होत्या.

(सुट्टीचा शेवट. पहाट, पडवी.)

निघायच्या आधी त्यानं गाडी चालू केली आणि कॉक बंद केला. पायरीवर बसून राहिला. वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत काही मिनिटं इंजिन नुसतं चालू होतं. मग एकदा उगाच चढलं, अडखळलं आणि थांबलं.

आतून आई म्हणाली, “बंद पडली काय रे?”

“पडू दे, आई.”