एकोणचाळीस डॉलर साठ सेंट

नमस्कार. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, इथे खुर्च्या रिकाम्या आहेत. मला पाऊण तास दिलाय आणि मी बोलायला लागले की कुठे कुठे जाते हे इथल्या नेहमीच्या मंडळींना माहीत आहे, म्हणून मुद्दा आधीच सांगून टाकते.

इट हॅपन्ड वन नाइट, १९३४ चा सिनेमा, दिग्दर्शक फ्रँक काप्रा. कोट्यधीशाची पोरगी आणि खिसा रिकामा असलेला पत्रकार यांची गोड लव्हस्टोरी म्हणून सगळे ओळखतात, आणि तशी ती आहेच. पण माझं म्हणणं असं की त्यातलं सगळ्यात प्रेमळ वाक्य म्हणजे एक खर्चाची यादी आहे, एकोणचाळीस डॉलर साठ सेंटची. दोन वेगवेगळ्या थरांतली माणसं प्रेमात पडतात तेव्हा मधे येऊन बसतो तो उपकार. कोणी कोणावर किती केला, कधी फेडायचा, फेडला तर समोरच्याला राग येईल का. हे सगळं या सिनेमाइतकं नीट मांडलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. राज कपूर-नर्गिसचा 'चोरी चोरी' पाहिला असेल, १९५६ चा, किंवा तरुण मंडळींनी आमिर खान-पूजा भट्टचा १९९१ चा 'दिल है के मानता नहीं', तर सांगाडा तोच. एली अँड्रूजने वडिलांच्या मनाविरुद्ध किंग वेस्टली नावाच्या विमानवाल्या छैलछबिल्याशी लग्न उरकून टाकलंय, वडिलांनी तिला मायामीला स्वतःच्या बोटीवर कोंडलंय, ते थोबाडीत मारतात, ती सरळ पाण्यात उडी टाकते आणि रात्रीच्या बसने न्यूयॉर्कला निघते. बसमध्ये भेटतो पीटर वॉर्न, नुकताच नोकरीवरून काढलेला. तिला नवऱ्याकडे पोचायचंय, त्याला बातमी हवीय. बस, पाऊस, वाहून गेलेला पूल, चोरीला गेलेली बॅग, आणि मग जे व्हायचं ते.

आता हा सिनेमा बनला कसा ते सांगते, कारण तीसुद्धा वरच्या आणि खालच्या थराचीच गोष्ट आहे. कोलंबिया तेव्हा लहान स्टुडिओ. हॉलिवूडमध्ये अशा लहान कंपन्यांच्या वस्तीला पॉव्हर्टी रो म्हणायचे, म्हणजे गरिबांची आळीच. मोठे स्टार त्यांच्याकडे नव्हते, ते उसने आणायचे. पीटर झालेला क्लार्क गेबल एमजीएम या बड्या स्टुडिओचा, त्याला कोलंबियाकडे शिक्षा म्हणून धाडलं असं नेहमी सांगतात, शिक्षा होती की नुसतं रिकामं बसवून पगार द्यायचा नव्हता यावर वाद आहेत, पण तो खुशीने आला नव्हता एवढं नक्की. एली झालेली क्लॉडेट कोलबेर पॅरामाउंटची, तोही बडा स्टुडिओ. तिचा पहिलाच सिनेमा १९२७ मध्ये याच काप्राने केला होता आणि तो साफ पडला होता, त्यामुळे तिला हा माणूसच नको होता. सुट्टीवर निघाली होती. तिने अट घातली, मानधन दुप्पट, पन्नास हजार डॉलर, आणि चार आठवड्यांत मला मोकळं करा. त्यांनी हो म्हटलं! झालं, बाई अडकल्या. सेटवर रोज कुरबुर. लिफ्ट मागायचा तो प्रसिद्ध सीन आहे ना, पीटर अंगठे दाखवून दाखवून थकतो आणि एली स्कर्ट जरा वर करते आणि पहिलीच गाडी करकचून ब्रेक मारते, तो सीन करायला ती आधी नाहीच म्हणाली. मग काप्राने दुसऱ्या मुलीला पायासाठी बोलावलं. ते पाय पाहून कोलबेर म्हणाली, हिला घालवा, मीच करते. शूटिंग संपलं तेव्हा तिने मैत्रिणींना सांगितलं म्हणे की जगातला सगळ्यात वाईट सिनेमा आत्ता संपवून आलेय.

आणि मग २७ फेब्रुवारी १९३५ ची रात्र. ऑस्करला ही बाई गेलीच नव्हती, न्यूयॉर्कची गाडी पकडायला स्टेशनवर होती. तिथून तिला अक्षरशः उचलून आणलं, प्रवासाच्या कपड्यांत तिने बक्षीस घेतलं, आणि परत स्टेशनवर, गाडी थांबवून ठेवलेली. सिनेमा, दिग्दर्शक, नायक, नायिका, पटकथा, पाचही मोठी बक्षिसं एकाच सिनेमाला, असं आधी कधीच झालं नव्हतं, आणि त्यानंतर थेट १९७५ च्या सिनेमापर्यंत कुणाला जमलं नाही. गरिबांच्या आळीतल्या स्टुडिओने बड्या घरचे दोन नाराज पाहुणे आणून हे केलं. मला याचा फार आनंद होतो, आज इतक्या वर्षांनीही होतो.

बरं, बसमध्ये येऊ. १९३३ चा अमेरिका डोळ्यांसमोर आणा. चारातला एक कामकरी माणूस बेकार, त्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने देशभरच्या बँका काही दिवस बंदच ठेवल्या होत्या. मूळ कथा सॅम्युएल हॉपकिन्स अॅडम्सची, त्याच वर्षी मासिकात आलेली, नावच 'नाइट बस'. पटकथा रॉबर्ट रिस्किनची. म्हणजे ही पैशांची चणचण प्रेक्षकाच्या खिशातलीच होती, आणि म्हणूनच सिनेमाभर कुणी ना कुणी पैसे मोजतंय. एली बसमध्ये चॉकलेटचा डबा घ्यायला जाते, पीटर फेरीवाल्याला परत पाठवतो, तुझ्याकडे आता चार डॉलर उरलेत, यापुढे बजेटवर राहायचं. रस्त्याकडेच्या खोलीचे दोन डॉलर. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला किंमत सांगतंय. तिच्या बापाने तिला सगळं दिलं, किंमत सोडून.

त्या खोलीतली सकाळ बघा. तिचा ड्रेस इस्त्री करून ठेवलाय, आंघोळीला बाहेर बायकांची रांग आहे आणि एली मधे घुसायला जाते तेव्हा तिला शेवटी जायला सांगतात. परत आल्यावर नाश्ता. एक अंडं, डोनट, काळी कॉफी. ती डोनट कॉफीत बुडवून ठेवते, पीटर म्हणतो असं नाही, एवढा वेळ नाही ठेवायचा, मऊ पडून तुटतो, बुडवला की लगेच तोंडात, टायमिंग आहे त्यात. आणि म्हणतो, वीस मिलियन असून डोनट बुडवता येत नाही! ती म्हणते, मी एखाद्या प्लंबरच्या मुलीशी कधीही अदलाबदल करीन.

आता पुढे काय होतं? दारावर बापाचे डिटेक्टिव्ह. पीटर चटकन तिचे केस विस्कटतो, दोघं नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण लावतात, तो ओरडतो, प्लंबरची पोरगी ती प्लंबरचीच पोरगी राहणार! डिटेक्टिव्ह शरमून निघून जातात. कपातली कॉफी गार व्हायच्या आत तिची इच्छा पुरी झाली. आणि कोलबेरचा चेहरा बघा दार लागल्यावर, ती इतकी खुश आहे, घशातून ओरडायला, रडायला, कुणाचीतरी कटकटी बायको व्हायला पहिल्यांदा मिळालंय तिला. दोघं हसतात, तो तिचं कौतुक करतो. प्रेम इथे सुरू होतं, माझ्या मते. बरोबरीने एक काम केलं आणि ते जमलं, तिथे.

आणि तो ब्लँकेट. दोन खाटांमधे दोरीवर टाकलेला ब्लँकेट, पीटर त्याला जेरिकोची भिंत म्हणतो, बायबलमधली, शिंगं फुंकल्यावर पडणारी. आपल्याला ती कथा ठाऊक नसली तरी अडत नाही, कारण आपल्याकडे अंतरपाट आहे. मंगलाष्टकं संपेपर्यंत दोघांनी एकमेकांकडे बघायचं नाही आणि मग तो खाली येतो. मला हा सिनेमा पहिल्यांदा पाहताना कुणी समजावून द्यावं लागलं नाही, पडदा दोरीवर टाकला त्या क्षणी कळलं की हा पडणार.

आता माझी एक तक्रार. एका ठिकाणी या सिनेमाचा खेळ ठेवला होता, नाव घेत नाही, मीच प्रास्ताविक करणार होते. प्रमुख पाहुण्यांना उशीर झाला, त्यांचा सत्कार, शाल, नारळ, दोन भाषणं, आणि मग आयोजकांनी येऊन सांगितलं की वेळ भरून काढायला मधला बसमधला भाग पुढे पळवू, तिथे काय नुसती गाणी आहेत. आणि पळवला हो! बस गाणं म्हणते तो सीन तुम्हाला आठवतोय, अख्खी बस 'डेअरिंग यंग मॅन' म्हणतेय, गाडी चिखलात जाते, आणि लगेच एक लहान मुलगा रडायला लागतो, त्याची आई बेशुद्ध पडलीय. का? कालपासून काही खाल्लेलं नाही, असतील तेवढे पैसे तिकिटांत गेले, न्यूयॉर्कला आईच्या कामासाठी निघालेत. पीटर आणि एली जवळची नोट पोराच्या हातात ठेवतात. आणि तो पोरगा, भुकेलेला पोरगा, म्हणतो घेऊ नये, आई रागवेल. हे वाक्य त्या दिवशी सभागृहातल्या कुणी ऐकलंच नाही. हे काढलंत तर उरतं काय? मग सिनेमा म्हणजे सहलीला निघालेली दोन सुंदर माणसं. एलीला वाटेल तेव्हा बापाला फोन करता येतो, त्या आईला कुणाला करता येणार? गरिबी खेळणं वेगळं आणि गरीब असणं वेगळं हे काप्राने त्या एका मिनिटात ठेवलंय, आणि दान नको म्हणणाऱ्या पोराचं वाक्य पुढे पीटरच्या बिलात येतं. मी तेव्हा उठून बोलले, लोकांना आवडलं नाही, परत बोलावलेलं नाही मला तिथे. ठीक आहे.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. घाई करते.

तर शेवटच्या रात्री एली ब्लँकेटच्या पलीकडे येऊन प्रेम कबूल करते. तो आधी परत पाठवतो, मग ती झोपल्यावर न्यूयॉर्कला पळतो, संपादकाला स्वतःचीच बातमी विकून हजार डॉलर आणायला, कारण मोकळ्या खिशाने मागणी घालायची नाहीये. इकडे खोलीचे मालक दोघांची गाडी जागेवर नाही बघून तिला बाहेर काढतात, तिला वाटतं सोडून गेला, ती वडिलांना फोन करते, आणि वेस्टलीशी पुन्हा एकदा थाटात लग्न लावायचं ठरतं. त्याचा मान आणि तिचा विश्वास दोघांचाही बळी पैशाने घेतला, हे लक्षात घ्या. हजार डॉलर तो संपादकाला परत करतो.

मग बिल. बापाने दहा हजारांचं इनाम लावलंय, पीटर येतो तेव्हा बापाला वाटतं हाही त्यासाठीच आला. पीटर यादी वाचतो. रोख खर्च ८.६०, ओव्हरकोट १५, सूटकेस ७.५०, हॅट ४, तीन शर्ट ४.५०. एकूण ३९.६०. पेट्रोलसाठी विकलेल्या वस्तू. मोजेबिजेपण विकले होते, ते धरत नाही म्हणतो. तुम्ही बेरीज करून बघा, बरोबर येते, मी केलीय. या यादीत प्रेमाचा एक पैसा लावलेला नाही आणि खर्चाचा एक पैसा सोडलेला नाही. म्हणजे तुमच्या मुलीवर माझं कर्ज नाही आणि माझ्यावर तुमचं नाही. बाप व्यवहाराचा माणूस, त्याला भाषा कळते, तो लगेच विचारतो तुझं माझ्या मुलीवर प्रेम आहे का, आणि तेव्हा कुठे हा चिडून हो म्हणतो. आणि दुसरा जावई, किंग वेस्टली, खानदानी, त्या थाटाच्या लग्नाला ऑटोजायरोतून, म्हणजे डोक्यावर पंखा असलेल्या छोट्या विमानातून, उतरणारा, तो शेवटी काय करतो? पैसे घेऊन लग्न रद्द करायला राजी होतो. वरच्या थरातला विकला गेला, खालच्याने फक्त शर्टांचे पैसे घेतले. रिस्किनने हे शेजारीशेजारी ठेवलंय, योगायोग नाही तो.

एक गोष्ट टाळून चालणार नाही. पीटर बापाला सांगतो की हिला रोज एक ठोसा देणारा माणूस हवा, ओढा ओलांडताना तिला फटकाही मारतो. मला हे आवडत नाही, तेव्हाचा काळ होता म्हणून सोडूनही द्यायचं नाही. पण त्यावरून हा 'माजोरड्या पोरीला धडा शिकवला' असा सिनेमा आहे म्हणणारे मला पटत नाहीत, कारण शिकतो पीटरसुद्धा. लिफ्ट तिने मिळवली, कबुली आधी तिने दिली, लग्नाच्या मांडवातून पळाली ती. बापाने चालता चालता कानात गाडी मागे उभी आहे म्हटलं हे खरं, पण धावली ती.

राहता राहिला प्रश्न की पुढे हे दोघं कशावर जगणार, सासऱ्याच्या पैशावर का पत्रकाराच्या पगारावर, यावर सिनेमा गप्प आहे आणि मला वाटतं इथे काप्राने जरा सोपं करून घेतलंय. त्यावर मला तुमचं ऐकायचंय. मागच्या रांगेतल्या काकांनी मघाशीच हात वर केलाय, बोला काका, माइक देते.